काल्याच्या दिवशीचं काचघर

मांडवगण फराट्याच्या शिवारात, भीमेच्या अंगाला, शेतकी विद्यालयाचं एक काचघर होतं. काचघर म्हटल्यावर डोळ्यांपुढं काही राजेशाही उभं राहील, पण तसं काही नव्हतं. ढमढेरे सरांनी दौंडच्या भंगारवाल्याकडून आगगाडीच्या डब्यांच्या जुन्या खिडक्या चौकटींसकट आणल्या, बाभळीच्या मेढींवर ठोकल्या आणि पोरांच्या हातूनच हे घर उभं केलं. आत वारा घ्यायचा झाला की कडी दाबायची आणि काच खाली सरकवायची, थेट गाडीत बसल्यासारखी. विद्यालयातली पोरं त्याला मनमाड पॅसेंजर म्हणत. आत काम करणाऱ्याला जाता-येता कुणीतरी विचारायचंच, "काय मास्तर, गाडी कवा सुटायची?"

हे ऐकून घेणारा बहुतेक वेळा हौशीराम असायचा. हौशीराम निमोण्याचा. बहात्तरच्या दुष्काळात तो शाळकरी पोर होता, आणि गावातली हिरवी म्हणावी अशी शेवटची पानं त्यानं स्वतःच्या हातानं ओरबाडून बैलापुढं टाकली होती. त्यानंतर चारपाच पावसाळे बरे झाले, पण चैत्र लागला की निमोणं पुन्हा तांबडं आणि भुंडं. अशा गावच्या पोरानं भर चैत्रात ओल्या वाळूचा वास पहिल्यांदा घेतला तो या काचघरात. त्या दिवशी तो दारातच चपला काढून आत गेला होता.

"आरं, देऊळ न्हाई ते," जयसिंग हसून म्हणाला होता. जयसिंग मांडवगणच्याच बागायतदाराचा मुलगा, हौशीरामाच्याच वर्गातला. "आत विंचू असतोय. घाल चपला."

हौशीरामानं चपला घातल्या, पण मनातनं काही त्या घातल्या गेल्या नाहीत.

त्या वर्षी काचघरात पेरूच्या काड्या लावल्या होत्या. पेरूचं दाब कलम सगळेच करत. पण कोवळी काडी कापून नुसती वाळूत खोचायची आणि तिला मुळ्या फोडायच्या, हा सरांचा ध्यास होता. काडीवर दोनच पानं ठेवायची, तीही कात्रीनं निम्मी करून. मुळी नाही म्हणजे काडीला प्यायला तोंड नाही. जी ओल मिळेल ती हवेतून, पानांवाटे. हवा एकदा वाळली की काडी गेली. म्हणून ऊन चढलं की खिडक्या बेतानं उघडायच्या, भिंतींवरची गोणपाटं भिजवायची आणि हातपंपानं धुक्यासारखा फवारा मारत राहायचं. हे काम पोरांना पाळीपाळीनं येई. बाकीची पोरं पाळी उरकत. हौशीराम पाळी संपली तरी आतच घुटमळायचा. निमोण्याच्या माळावर असंच एक घर बांधायचं, आणि पंचक्रोशीला रोपं पुरवायची, हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. फक्त देवाला सांगितलं होतं.

एवढा गुणी मुलगा, पण त्याला एक ओढ अनावर होती. मृदंगावर थाप पडली की त्याचे पाय त्याचे राहत नसत. बाप टाळकरी, चुलता टाळकरी. हौशीराम चालायला लागला तो टाळकऱ्यांच्या रांगेतच. माघात असंच झालं. वांग्याची रोपं राखायला सरांनी त्याला बसवलं, शेजारच्या वाडीत कीर्तन उभं राहिलं, हा "जरासं ऐकून येतो" म्हणून गेला, आणि परत आला तेव्हा वाफ्यात शेरडं उभी होती. रोपं नव्हती.

सर तेव्हा ओरडले नाहीत. ते ओरडत नसतच, हेच वाईट होतं.

"हौशीराम," ते म्हणाले, "पुन्हा पाळी सोडलीस तर काचघर तुला बंद. वर्षभर उसाच्या सरीत खुरपं. कळलं?"

"कळलं, सर."

कळलं होतं, अगदी काळजाला कळलं होतं.

आता चैत्र आला आणि मांडवगणात मारुतीपुढं सप्ताह बसला. विद्यालयापासून मांडव हाकेच्या अंतरावर. रोज कर्ण्यातून कीर्तन ऐकू यायचं आणि हौशीराम फवाऱ्याचा दांडा टाळाच्या ठेक्यात हलवायचा. तेवढ्यावर त्यानं सगळा सप्ताह निभावला. शेवटच्या दिवशी सकाळी काल्याचं कीर्तन, कीर्तनकार दगडोबा महाराज, आणि त्याच वेळी काचघरात पाळी हौशीरामाची.

सरांना त्या दिवशी शिरूरला जावं लागलं. एसटी गाठायच्या गडबडीतही ते काचघराच्या दारात थांबले.

"काचांना चुना अजून लागला नाही?"

हौशीराम खाली बघायला लागला. उन्हाळ्यात काचेला चुन्याचा पातळ हात द्यायचा म्हणजे आत ऊन कमी येतं. आणि चुना ताकात कालवला म्हणजे काचेला धरून राहतो. सरांनीच शिकवलं होतं. चुना पिंपात भिजवून तयार होता. ताकाची घागर सरांनी दोन दिवसांपूर्वी आणून दिली होती. पण दुपार कडक होती, ताक गार होतं, आणि जयसिंग म्हणाला होता, "चव तर बघू, आंबट झालंय का." मग चव बघता बघता घागरीचा तळ दिसला.

"आज लावतो, सर," हौशीराम म्हणाला.

"आज चुना राहू दे. आज तू फक्त इथं राहा." सरांनी मांडवाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं पाहिलं, आणि गेले.

सकाळ चांगली गेली. हौशीरामानं गोणपाटं भिजवली, फवारा मारला, वाळूत बोट घालून ओल पाहिली. कर्ण्यातून नामाचा गजर सुरू झाला तसा तोही आत गुणगुणू लागला. तेवढ्यात दारात सावली पडली. गेणबा आबा. सप्ताहाचे विणेकरी, पांढऱ्या मिशा, गळ्यात वीणा तशीच अडकवलेली.

"पोरा, चल."

"आबा, माझी पाळी हाय."

"आमची रांग बी हाय की! डाव्या अंगाला तीनच टाळकरी उभं हायेत. दोघं आजारी, येक सासुरवाडीला गेला. काल्याला महाराज उभं आन् मागं तिघं? गावाची अब्रू काय ऱ्हाती?"

"सर काचघर बंद करतील मला."

"आरं, सुरुवातीचा अभंग तेवढा धर. तवर जयसिंगाच्या चुलत्याचं पोर येतंय. मग तू मोकळा."

हौशीरामानं काचघराकडं पाहिलं. सगळ्या काड्यांची पानं टवटवीत, थेंबांनी भरलेली. ऊनही अजून कोवळं होतं. अभंग तो किती वेळाचा. त्यानं आणखी एकदा दाट फवारा मारला, दार ओढलं आणि गेला.

आता टाळकऱ्यांची रीत अशी, की टाळाची दोरी गळ्यात पडली ती कीर्तन संपल्यावरच निघायची. मधेच रांग मोडून जाणं म्हणजे पंगतीतून अर्धं जेवून उठण्यासारखं. हे हौशीरामाला जन्मापासून ठाऊक होतं, आणि तरी गेणबा आबांनी "मोकळा" म्हटलं तेव्हा त्यानं ते खरं मानलं. कारण त्याला ते खरं हवं होतं.

कडेला उभं राहायचं असं त्यानं ठरवलं होतं. पण त्याचा आवाज चढा आणि गोड. पहिल्या चालीलाच दगडोबा महाराजांनी मागं वळून पाहिलं, दंडाला धरलं आणि त्याला आपल्या अगदी पाठीशी आणून उभं केलं. समोर सगळं गाव. चुलत्याचं पोर काही आलं नाही.

आणि काय सांगावं, महाराज त्या दिवशी असे रंगले! अंगानं आडवे, आवाजानं घुमटासारखे. लोकांना हसवता हसवता मधेच असं काही बोलत की बायाबापड्या पदर डोळ्यांना लावत. हौशीराम विसरला. काचघर विसरला, सरांना विसरला, स्वतःला विसरला. मग मांडवाच्या फटीतून उन्हाची तिरीप त्याच्या पायाच्या बोटांवर आली. पाहता पाहता ती घोट्यावर चढली. चांगलीच चटका देणारी तिरीप होती ती. हौशीरामाला काचघर आठवलं.

तो निसटायचं बघू लागला. उजवीकडं मृदंगवाला, डावीकडं गेणबा आबा डोळे मिटून, पुढं महाराज. घाम मानेवरून पाठीत उतरला. आणि नेमकं तेव्हाच महाराजांनी गवळ्यांच्या पोरांची गोष्ट सुरू केली.

"यमुनेच्या काठाला बसल्यात पोरं गोल करून. शिदोऱ्या सुटल्यात. कुणाची शिळी भाकर, कुणाचा दहीभात, कुणाचं लोणचं. मधी कोण बसलंय? मधी देव बसलाय! आन् गाई? गाई चालल्या चरत चरत लांब. आज वळती कुणाची? गाई वळून आणायची पाळी ज्याची, त्यो पोरगा काय करतोय? त्येच्या हातात घास हाय, शेजारी साक्षात देव हाय. उठलं तर ह्यो घास पुन्हा गावायचा न्हाई. बसलं तर गाई गेल्या. त्येला खाली बसवंना आन् वर उठवंना..."

हौशीरामाचा टाळ चुकला. एकदा चुकला, पुन्हा चुकला, आणि मग थांबलाच. रांगेत असा खड्डा पडला की मृदंगवाल्यानंही मान वर केली.

महाराज वळले. कीर्तनकाराच्या नजरेतून काही सुटत नाही. "काय रं बाळा? रडतूस का? गवळ्याच्या पोराची एवढी दया आली?"

"न्हाई महाराज," हौशीराम म्हणाला. आवाज कर्ण्यातून साऱ्या शिवारात गेला. "माझ्याच गाई सुटल्यात."

मांडव खदखदून हसला.

"कुठं सुटल्यात?"

"काचघरात. पेरूच्या काड्या हायेत. पाळी माझी हाय. सरांनी सांगितलं व्हतं, सोडू नको. मी सोडून आलो."

हसणं हळूहळू विरलं. गेणबा आबांनी डोळे उघडले आणि लगेच खाली घातले. महाराजांनी क्षणभर पोराकडं पाहिलं. मग स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यातली टाळाची दोरी काढली आणि आपल्या गळ्यात घातली.

"पळ," ते म्हणाले. "बघत काय उभा ऱ्हायलास? पळ!"

हौशीराम असा पळाला की मांडवाच्या दोऱ्यात अडखळून एकदा पडला, उठला आणि पुन्हा पळाला.

काचघराचं दार उघडलं तशी तोंडावर भट्टीची धग आली. गोणपाटं कडकडीत. उन्हाच्या बाजूच्या वाफ्यातल्या काड्यांनी माना टाकल्या होत्या. पानांच्या कडा चुरगळल्या होत्या. सावलीकडच्या अजून तग धरून होत्या, पण त्याही मलूल. हौशीरामानं खिडक्यांच्या कड्या दाबल्या, काचा खाली आपटल्या, जमिनीवर पाणी ओतलं, गोणपाटं भिजवली आणि फवाऱ्याचा दांडा हाणायला लागला. पण वर सूर्य तळपत होता आणि काच त्याला अडवत नव्हती. फवारा हवेतल्या हवेत विरायचा.

तेवढ्यात मृदंग जवळ येऊ लागला. त्यानं बाहेर पाहिलं तर सगळा मांडव उठून येत होता. पुढं महाराज टाळ वाजवत, मागं टाळकरी, मागं बायका, पोरं, आणि कुणीतरी दहीहंडीची दोरीसुद्धा खांद्यावर टाकून.

"हंडी फोडायला अवकाश हाय," महाराज दुरूनच ओरडले. "तवर गाई वळून येऊ म्हटलं! काय करायचं ते सांग!"

काय करायचं ते सांगायच्या आधीच दोघातिघांनी आडावरून बादल्या आणल्या आणि एका दांडगोबानं भरली बादली तापलेल्या काचेवर फेकली. टण्ण! एक काच आडवी तडकली. टण्ण! दुसरी उभी.

"काचेवर नगा, मालक! पाया पडतो!" हौशीराम किंचाळला. "चुना लावायचाय काचंला! चुना भिजलाय, ताक न्हाई!"

"ताक का न्हाई?" महाराजांनी विचारलं.

हौशीरामानं गर्दीत जयसिंगाकडं पाहिलं. जयसिंग पंगतीचा वाढपी, कमरेला पंचा, हातात पळी.

"आम्ही प्यालो," हौशीराम म्हणाला.

"ह्यानं येकच तांब्या घेतला," जयसिंग मान खाली घालून म्हणाला. "बाकीचं मी."

पंगतीचा सैपाक शेवंताबाईंच्या ताब्यात होता. त्यांच्या परवानगीशिवाय तिथं मीठसुद्धा हलत नसे. महाराजांनी त्यांच्याकडं पाहिलं तसा त्यांनी पदर खोचला.

"पंगतीचं ताक काचंला फासायचं? आन् लोकांनी भातावर काय वतून घ्यायचं?"

"माउली," महाराज म्हणाले, "आज मला ताक नको. माझ्या वाटचं द्या."

"तुमच्या वाटचं येक वाटीभर! त्येनं काय व्हतंय?" शेवंताबाई फणकारल्या. मग मागं वळून ओरडल्या, "आणा गं हंडा! आन् चुन्यात मीठ नगा घालू, न्हाईतर ह्यो पुन्हा पिईल!"

जयसिंगाच्या कानापर्यंत लाली चढली, आणि तोच हंडा उचलायला सगळ्यांत आधी पळाला.

मग जे झालं ते मांडवगणात पुढं कैक वर्षं सांगत होते. ताकात चुना कालवला, केरसुण्या, कुंचे, पंच्यांचे बोळे जे हाताला येईल त्यानं काचा पांढऱ्या व्हायला लागल्या. महाराजांनी विठ्ठलनामाचा गजर लावला आणि माणसं त्या ठेक्यावर हात फिरवू लागली. आत मात्र हौशीरामानं कुणाला येऊ दिलं नाही. दार उघडं राहिलं की ओल बाहेर जाते. पण गेणबा आबा कसे कोण जाणे शिरलेच. आपणच पोराला नेलं हे त्यांना खात होतं. त्यांनी वाकून एकेका काडीला हात जोडले, खिशातली पुडी काढली आणि माना टाकलेल्या काड्यांना चिमूट चिमूट बुक्का लावला.

बारानंतरच्या एसटीनं सर उतरले. आपल्या काचघराभोवती सगळं गाव, चुन्यानं माखलेले कीर्तनकार, झाडाला बांधत असलेली दहीहंडी, हे सगळं बघून ते थेट आत गेले. हौशीराम अजून फवारा मारतच होता. हाताला फोड आले होते.

सरांनी एक पान उलटं करून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "हे काळं काय? बुरशी? एका सकाळीत बुरशी?"

"बुक्का हाय, सर," हौशीराम म्हणाला. "आबांनी लावला."

सरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. ते पुढं काही विचारायच्या आत हौशीरामच म्हणाला, "मी पाळी सोडली, सर. टाळ धरायला गेलो. काचा तडकल्या त्या बी माझ्यामुळंच. आन् ताक आम्ही प्यालो व्हतो."

महाराज दारात येऊन उभे होते. "सर, पोराचं ऐका जरा..."

"महाराज," हौशीराम हात जोडून म्हणाला, "माझ्यासाठी नगा बोलू. तुम्ही बोललात तर सरांना न्हाई म्हणता यायचं न्हाई."

महाराजांनी दारातून पाऊल मागं घेतलं. सरांनी हातातलं पान पुन्हा सरळ केलं. मग म्हणाले, "उद्यापासून उसात. काचघर जयसिंगाकडं." आणि थोड्या वेळानं, बाहेर जाता जाता, "आता जा, काला घे. हाताला हळद लाव."

हौशीरामानं काला घेतला. गोड लागला नाही असं म्हणणं खोटं होईल, चांगला लागला. फक्त घास फार हळू गिळला.

उसाची सरी काचघराच्या मागंच होती. जयसिंग रोज सकाळी ऐटीत काचघरात शिरायचा आणि थोड्याच वेळात सरीच्या तोंडाशी यायचा.

"हौश्या, खिडकी उघडू का रं?"

"कुठली?"

"उगवतीची."

"अजून नगं. आधी गोणपाट भिजव. आत घाम आल्यागत वाटलं की उघड."

पुन्हा काही वेळानं, "हौश्या, घाम आला, पर त्यो माझा हाय का काचघराचा, ते कळंना."

उसात खुरपणाऱ्या बाया पोट धरून हसत. सर दुरून ही येरझार बघायचे, पण बोलायचे नाहीत. जयसिंगानं मात्र पुन्हा कुठल्याच गोष्टीची चव बघितली नाही, आणि तडकलेल्या काचांवर त्यानं स्वतः पट्ट्या बसवल्या.

वैशाख सरता सरता सरांनी सगळ्या वर्गाला काचघरात बोलावलं. हौशीरामालाही. सरांनी उन्हाकडच्या वाफ्यातली काडी हलकेच उपसली. खालचा बुडखा काळा पडलेला. दुसरी, तिसरी, सगळ्या तशाच. हौशीराम खाली बघत राहिला. मग सर सावलीकडच्या वाफ्याकडं वळले. तिथली काडी वाळूतून निघताना जराशी अडली. सरांनी बोटांनी वाळू उकरली आणि काडी वर धरली. बुडाशी पांढऱ्या, दोऱ्यासारख्या मुळ्या. एक तर चांगली लांब होती आणि तिला वाळूचे कण चिकटले होते.

जयसिंगानं हळूच नाक ओढलं.

"निम्म्या काड्या तुझ्यामुळं मेल्या," सर हौशीरामाला म्हणाले. "निम्म्या तू धावत आलास म्हणून जगल्या. आणि जयसिंग दिवसातून दहा वेळा तुझ्याकडं पळत होता म्हणून टिकल्या. मला वाटलं होतं माझा निकाल सोपा आहे."

"सोपाच हाय, सर," हौशीराम म्हणाला. "चूक माझीच व्हती."

"गप." सरांनी ती काडी त्याच्या तळहातावर ठेवली. "आता नीट ऐक. यापुढं काचघरात पाळी दोघांची. एकाला कुठं जायचं झालं तर दुसरा राहील, आणि जाणारा मला विचारून जाईल. तू विचारलं नाहीस, कारण मी नाही म्हणेन असं तुला वाटलं. मी म्हणालोही असतो. तेवढी चूक माझी." ते जरा थांबले. "पिशव्यांत माती भर. आजच लावायच्या या. मुळी उघडी राहता कामा नये."

हौशीरामानं ती काडी दुसऱ्या हाताच्या ओंजळीनं झाकली. दुपारभर तो आणि जयसिंग मांडी घालून बसले. एकानं शेणखताची माती भरायची, दुसऱ्यानं काडी धरून भोवती माती दाबायची. हळूहळू हौशीरामाच्या ओठांतून काहीतरी निसटायला लागलं. सर पलीकडं रोपं मोजत होते. हौशीराम चपापला आणि थांबला.

"थांबू नकोस," सर मान वर न करता म्हणाले. "म्हणायचं तर मोठ्यानं म्हण. असं अर्धवट कानावर आलं की माझी मोजणी चुकते."

हौशीरामानं चाल धरली. जयसिंगानं मागून धृपद उचललं, इतकं बेसूर की बांधावरच्या बाया खुरपी टेकून ऐकत उभ्या राहिल्या.